भूमिती दिवाळीनंतर उरकू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलांचे पाढे कच्चे, भागाकार जमत नाही. अशा वर्गात आकृत्या काढण्यात आणि कागद कापण्यात तास घालवणं परवडतं का? दहावीत भूमितीचा पेपर ४० गुणांचा. प्रमेयं पाठ करून घेतली, रचना गिरवून घेतल्या की मुलं पास होऊन निघून जातात. त्यांच्या शाळेत भूमिती दिवाळीनंतर उरकायची पद्धत आहे. तोपर्यंतचा सगळा वेळ अंकगणित आणि बीजगणिताला दिला तर काय बिघडलं?

मॅडम, ती पद्धत मोडा, आणि याच वर्षी मोडा. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या खेड्यांत गणित शिकवण्यात गेली, त्यावरून सांगतो. पाढे कच्चे असलेल्या मुलाला भूमिती परवडत नाही असं आपण धरून चालतो. मला उलटंच दिसत आलं आहे. आकड्यांची धास्ती घेतलेलं पोर गणितात परत येतं ते बहुतेक वेळा आकृतीच्या वाटेनं, कारण तिथं बरोबर-चूक त्याचं त्याला तपासता येतं. बीजगणितात एक पायरी लिहिली की ते आपल्या तोंडाकडे पाहतं. सरांनी मान हलवली तर पुढे, नाही तर खोडरबर. आकृती समोर असली की ते आकृतीकडे पाहतं आणि शेजाऱ्याशी वाद घालतं. भूमिती शिकवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे आहे. बाकीची कारणं त्याच्या मागून येतात.

बीजगणितापासूनच सुरुवात करू, म्हणजे वेळ कुठं वाचतो ते कळेल. (अ + ब)² हा विस्तार मुलं सातवीपासून करतात आणि अ² + ब² लिहून मोकळी होतात. आपण लाल शाईनं २अब लिहून देतो. पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. आता गुंठा घ्या. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असले तरी घरात बोलणं एकरातच होतं, त्यामुळे एकर समजावून सांगावा लागत नाही. वर्गाला ३३ चा वर्ग तोंडी विचारा. ३० चा वर्ग ९००, ३ चा ९, म्हणून ९०९, असं अर्धा वर्ग सांगेल. लगेच ‘चूक’ म्हणू नका. मैदानात दोरी धरून चुन्यानं ३३ फुटांचा चौरस आखा. आत एका बाजूपासून ३० फुटांवर आडवी रेघ मारा, दुसऱ्या बाजूपासून ३० फुटांवर उभी. आता विचारा, ९०९ मध्ये कोणती जागा मोजली आणि कोणती सुटली? ३० फुटांचा मोठा चौरस मोजला, कोपऱ्यातला ३ फुटांचा लहान चौरस मोजला. मधले दोन पट्टे, प्रत्येकी ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद, तसेच पडून आहेत. मुलं स्वतः जाऊन त्या पट्ट्यांत उभी राहतात. ९० आणि ९०, म्हणजे १८०. ९०९ मध्ये मिळवले की १०८९. पट्ट्यात उभ्या राहिलेल्या मुलाच्या वहीत २अब सुटलेलं मी क्वचितच पाहिलं.

त्याच चौरसात भागाकारही करून घ्या. चौफुलीवर कापूस लावायचा, ओळीत ३ फूट आणि दोन ओळींत ३ फूट, म्हणजे डवरा (बैलांनी ओढायचं तण काढण्याचं अवजार) उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो. गुंठ्यात झाडं किती? इथं वर्गात भांडण लागतं आणि ते लागू द्यावं. ३३ फुटांत ३ फुटांची अंतरं ११, पण दोन्ही टोकांना झाड धरलं तर झाडं १२ होतात. ‘धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाड लावता का?’ असं विचारलं की शेतकऱ्याची पोरगी उत्तर देते: ‘नाही सर, अर्ध अंतर सोडून लावतात.’ मग प्रत्येक झाडाच्या वाट्याला ९ चौरस फुटांचा चौरस येतो. गुंठ्यात ११ × ११ म्हणजे १२१, एकरात ४८४०. आता ४३,५६० ला ९ नं भागून तेच येतं का पाहा म्हणावं. ओळींत ३ फूट ठेवून झाडांत एकच फूट ठेवलं तर १४,५२०. भागाकाराची इतकी उदाहरणं मुलं वहीत कधी न कुरकुरता करत नाहीत.

आता भूमितीकडे. पाहता येणं हे शिकवावं लागतं, आणि आपल्या वर्गांत नेमकं तेच राहून जातं. फळ्यावर चौरस काढला की सगळे ‘चौरस’ म्हणतात. तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला की दहावीतली मुलंसुद्धा शंकरपाळा म्हणतात. त्रिकोणाची उंची म्हटली की वरून खाली रेघ, मग पाया तिरका असला तरी. विशालकोन त्रिकोणात उंची बाहेर पडते हे तर पुष्कळांना पटतच नाही. पिएर व्हॅन हील आणि दिना व्हॅन हील-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ साली आपल्या प्रबंधांत यावर नेमकं बोट ठेवलं. मूल आधी आकार अख्खा ओळखतं, मग त्याचे गुणधर्म त्याला दिसू लागतात, मग एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो हे कळतं, आणि सिद्धतेची पायरी त्यानंतर येते. या पायऱ्या वय वाढलं म्हणून चढल्या जात नाहीत, तसं शिकवलं तरच चढल्या जातात. आपण पक्ष-साध्य-सिद्धता लिहून देत असतो आणि समोरचं मूल अजून ‘हे चौरसासारखं दिसतं’ या पायरीवर असतं. त्यानं पाठ करू नये तर काय करावं?

उंचीसाठी एक करून पाहा. पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापा, एक लघुकोन आणि एक विशालकोन. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा. त्रिकोणाची एक बाजू बाकाच्या कडेला टेकवून तो उभा धरायचा आणि वरच्या शिरोबिंदूपासून ओळंबा सोडायचा. दोरा जिथून जातो ती उंची. मग त्रिकोण फिरवून दुसरी बाजू टेकवा, मग तिसरी. तीन पाये, तीन उंच्या. विशालकोन त्रिकोणात लहान बाजू टेकवली की दोरा पुठ्ठ्याच्या बाहेर पडतो आणि पाया वाढवल्याशिवाय त्याला गाठ पडत नाही. मुलांना तिन्ही वेळा पाया आणि उंची मोजून गुणाकार करायला लावा. उत्तरं जवळजवळ सारखी येतात, मापात थोडं इकडंतिकडं. ती का सारखी येतात हे एखाद्या मुलीला अचानक उमगतं आणि ती सांगते, ‘अर्ध्या गुणाकाराला क्षेत्रफळ म्हणतो ना सर, मग पुठ्ठा तर एकच आहे!’ याला साधारण एक तास लागतो. त्याच्याशिवाय समरूपतेच्या धड्यातलं क्षेत्रफळांचं गुणोत्तर शिकवणं म्हणजे नुसतं लिहून देणं होतं.

दहावीच्या महत्त्वमापनाबद्दल, म्हणजे क्षेत्रफळ-घनफळाच्या धड्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या शिवारात यासाठी फार चांगली वस्तू आहे. पुस्तकात शंकुछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, येतो. मुलं बादल्यांची उदाहरणं सूत्रात आकडे टाकून सोडवतात आणि सूत्रातला तो एक तृतीयांश कुठून आला हे कोणी विचारत नाही. शेततळं हा त्याचाच चौकोनी भाऊ. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आल्यापासून ३० मीटर × ३० मीटर × ३ मीटर हे माप खेड्यात पोराटोरांच्या तोंडी आहे. यात पाणी किती मावेल असं विचारा. ३० × ३० × ३, म्हणजे २७०० घनमीटर, असं उत्तर येईल. मग वर्गाला घेऊन जवळच्या तळ्याच्या काठावर जा, कुंपणाच्या बाहेरूनच पाहायचं, प्लास्टिकवर पाय घसरतो. माती ढासळू नये म्हणून बाजूंना उतार दिलेला असतो हे दिसतं. उतार एकास एक धरला तर ३ मीटर खाली जाताना चारही बाजूंनी ३-३ मीटर आत यावं लागतं. म्हणजे तळ २४ × २४ चा.

परत आल्यावर त्या तळ्याचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे. तळाच्या बरोबर वरचा भाग म्हणजे सरळ इष्टिकाचिती, विटेसारखा ठोकळा, २४ × २४ × ३, म्हणजे १७२८. चार बाजूंना चार पाचरी: प्रत्येकीचा छेद ३ आणि ३ भुजांचा काटकोन त्रिकोण, लांबी २४, म्हणून ४.५ × २४ म्हणजे १०८; चारींचे ४३२. उरले चार कोपरे. इथं वर्ग अडतो, आणि इथंच खरी गंमत आहे. कोपऱ्याचा तुकडा वरून ३ × ३ चा चौरस आणि खाली जाताजाता एका बिंदूत संपणारा, तो बिंदूही चौरसाच्या एका कोपऱ्याच्या बरोबर खाली. त्याचं घनफळ काय? जाड कागदाचा नमुना करा: एक ६ सेंटिमीटरचा चौरस, ६ आणि ६ भुजांचे दोन काटकोन त्रिकोण, ६ आणि सुमारे ८.५ भुजांचे आणखी दोन. ८.५ कुठून आले हे पायथागोरसनं काढता येतं, ते मुलांनाच काढू द्या. असे तीन सारखे नमुने चिकटवून तयार झाले की मुलांच्या हातात द्या आणि गप्प राहा. थोड्या खटपटीनंतर तीन नमुने मिळून अख्खा घन होतो. अमरावतीकडच्या एका वर्गात हे जुळलं तेव्हा मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा ओरडला, ‘सर, तीनच लागतात! चौथा लागतच नाही!’ एक तृतीयांश तिथं भेटतो. म्हणजे कोपरा २७ चा तिसरा हिस्सा, ९ घनमीटर. चार कोपरे ३६.

१७२८ + ४३२ + ३६ = २१९६. आता सूत्र लिहा: उंचीचा तिसरा हिस्सा, गुणिले वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज. ९०० + ५७६ + ७२० = २१९६, आणि ३ चा तिसरा हिस्सा १. तेच आलं. ५०४ घनमीटरचा, म्हणजे पाच लाख लिटरहून जास्त पाण्याचा फरक उतारानं पडतो हे ज्या घरात हरभऱ्याला पाणी पुरवायचं असतं त्या घरच्या पोराला सांगत बसावं लागत नाही. वर्तुळाकार शंकुछेदाकडे यानंतर गेलात तर सूत्र ओळखीचं वाटतं.

इतकं सगळं चित्रांवर सोपवलं तर सिद्धतेचं काय, असंही तुमच्या मनात असेल. सिद्धतेची गरज मला चित्रानंच दाखवता आली आहे. आलेखाच्या कागदावर ८ × ८ चा चौरस घ्या, ६४ घरं. त्याचे ८ × ३ आणि ८ × ५ असे दोन आयत करा. पहिला कर्णावर कापा, दोन त्रिकोण. दुसऱ्यात समोरासमोरच्या लांब बाजूंवर, एकाच टोकापासून एकीवर ३ आणि दुसरीवर ५ घरं सोडून तिरका छेद द्या, दोन समलंब चौकोन. हे चार तुकडे १३ × ५ च्या आयतात जुळवता येतात. ६५ घरं! ‘एक घर वाढलं कसं?’ यावर वर्ग पेटतो. कोणी कातरीला दोष देतं, कोणी पेन्सिलीला. मग दोन तिरक्या बाजूंचा उतार काढायला सांगा. त्रिकोणात ८ ला ३, म्हणजे ०.३७५, समलंब चौकोनात ५ ला २, म्हणजे ०.४. कर्णाची म्हणून जी रेघ सरळ वाटते ती सरळ नाहीच. मधे एक बारीक फट आहे आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. ज्या मुलानं हे हातानं केलं, त्याला ‘आकृतीत दिसतं म्हणून’ आणि ‘सिद्ध केलं म्हणून’ यांतला फरक कळतो. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेत लावण्याची कृती आपण सहावी-सातवीत करतो, चांगलीच आहे. पण नववीत तीच पुन्हा करून विचारावं: बेरीज १८० ऐवजी १७९ असती तर डोळ्यांना कळलं असतं का? कळलं नसतं. म्हणून शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची आणि व्युत्क्रम कोनांचा आधार घ्यायचा. अशा वेळी प्रमेय मुलांना लादलेलं वाटत नाही.

गावातला एखादा गवंडी वर्गात बोलवा. जोत्याची आखणी करताना तो तीन-चार-पाचनं काटकोन धरतो. दोरीनं काटकोन आखण्याची ही विद्या शुल्बसूत्रांइतकी, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांइतकी जुनी आहे. मग समोरासमोरच्या बाजू मोजतो आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजतो. मुलांनी त्याला नाही, तुम्ही मुलांना विचारायचं: नुसते कर्ण सारखे असून भागेल का? समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात. नुसत्या समोरच्या बाजू सारख्या असून भागेल का? मग चौकोन कलतो. दोन्ही मिळूनच काटकोन का येतो, ते बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीनं तीन-चार ओळींत निघतं. गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत झाली, तेव्हापासून हाताच्या कामातून शिकण्याचं आपल्या भागात मोठं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. तरी मला एक ठामपणे वाटतं: काम करून घेतलं आणि ‘का’ विचारायचं राहिलं, तर गणित झालेलं नसतं. वावरात वाढलेल्या मुलाला भूमिती आपोआप येते असंही नाही. १०० मीटर तारेत किती जमीन कोंडता येईल हे विचारून पाहा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं यांच्यापायी कुंपण घरोघरी झालंय, तरी तार तेवढीच म्हणजे जमीन तेवढीच असं बहुतेक मुलं धरतात. २५ × २५ मध्ये ६२५ चौरस मीटर आणि ४० × १० मध्ये ४००, हे आकृती काढल्यावरच लक्षात येतं.

मोबाईलवर जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप फुकट मिळतं आणि आकृतीचा एक बिंदू ओढून काय बदलतं, काय बदलत नाही हे त्यात छान दिसतं. हातानं पट्टी-कंपास चालवून झाल्यावर ते दाखवा, आधी नको.

आता परीक्षेचं. पाठांतरानं मुलं निघून जातात हे खरं, पण किती तकलादू! त्रिकोण एबीसी ऐवजी पीक्यूआर दिला, आकृती जरा कलती छापली, की पाठ केलेलं प्रमेय गळून पडतं. रचनेत कच्ची आकृती न काढता कंपास चालवणारी मुलं पहिल्याच पायरीला फसतात. आणि तुमच्या शाळेला जोडून पाचवीचे वर्ग असतील तर तिथल्या शिक्षकांनाही सांगा: नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, १०० पैकी ५० गुणांचे, आणि ते सगळे आकृत्यांवर. आरशातली प्रतिमा, घडी घालून पाडलेली छिद्रं, अपुरी आकृती पुरी करणं. ज्या मुलांनी कागदाच्या घड्या कधी घातल्या नाहीत त्यांना हे प्रश्न परके वाटतात. पुढं पोलीस भरतीतल्या बुद्धिमत्ता चाचणीतही यातलं बरंच भेटतं.

दिवाळीनंतर भूमिती घेण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. कापसाची वेचणी ऐन भरात येते ती त्याच दिवसांत. ज्या घरात मजूर लावणं परवडत नाही त्या घरची मुलं, विशेषतः मुली, तेव्हा शाळेत कमी आणि वावरात जास्त असतात. म्हणजे आपण भूमिती नेमकी त्यांच्या गैरहजेरीत उरकतो आणि मार्चमध्ये त्यांना ‘प्रमेय पाठ करा’ म्हणतो. जूनअखेर शाळा उघडली की पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याच्या गणिताच्या तासांतले दोन तास भूमितीला द्या. पाऊस नसेल तेव्हा मैदान, असेल तेव्हा पुठ्ठा.

वर्गात लगेच सुरू करण्यासारखी एक सोपी सवय सांगतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे आकृती, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्यानं फक्त शब्दांत सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. ‘एक त्रिकोण काढ, त्याला एक रेघ मार’ अशानं काही जमत नाही. मग हळूहळू ‘बाजूचा मध्यबिंदू घे’, ‘त्यातून पायाला समांतर रेषा काढ’ अशी भाषा येते. व्याख्या पाठ करायला लावून जे शब्द जिभेवर बसत नाहीत ते गरजेपोटी बसतात. सुरुवातीला मुलं वऱ्हाडीत सांगतात, सांगू द्या: ‘तिकडून नाही रे, खालच्या आंगानं काढ.’ अचूकपणा आला की शब्द पुस्तकाचे व्हायला वेळ लागत नाही.

चाचणीतही एक बदल करा. एक आकृती छापा आणि तिच्याखाली प्रश्नच देऊ नका. उदाहरणार्थ, वर्तुळ, त्याचा व्यास, आणि वर्तुळावरचा एक बिंदू व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडलेला. ‘या आकृतीबद्दल जे जे खरं आहे असं तुम्हाला वाटतं ते लिहा, आणि जमेल तिथं कारण द्या.’ पहिल्या वेळी दोन-तीन ओळी येतील, काही मुलं कागद कोराच ठेवतील. तपासताना नुसत्या दिसण्यावरून लिहिलेल्या विधानाला एक खूण करा, कारण दिलेल्याला दुसरी. गुण दोन्हीला द्या, कारणाला दुप्पट. वह्या परत दिल्यावर एकाच विधानाला दोन मुलांनी दिलेली दोन वेगळी कारणं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि कोणतं टिकतं हे वर्गाला ठरवू द्या. त्या तासाला तुम्ही शेवटपर्यंत उत्तर सांगू नका.